मलकापूर परिसर : पाळीव कुत्र्यांना घरातील विषबाधा

मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नळगंगेच्या काठी, मुंबई–नागपूर लोहमार्गावर वसले आहे. हा कापसाचा मुलूख. त्यामुळे इथल्या घरात फिनेल, बाथरूमचे अ‍ॅसिड आणि डांबरगोळ्यांच्या जोडीला फवारणीची औषधे, उंदरांचे औषध, धान्यात ठेवायच्या गोळ्या व सरकीची ढेपही असते. कुत्र्याला खरा धोका या शेतीच्या वस्तूंचाच अधिक आहे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जासंस्थेवर घाव घालतात. तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांना पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या, जुलाब, थरथर आणि शेवटी झटके, अशी लक्षणे काही मिनिटांपासून काही तासांत दिसतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाचा जीव घेणारे हे द्रव्य आठ-दहा किलोच्या कुत्र्याला पंपाची गळती किंवा माखलेले कपडे चाटूनही बाधू शकते. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात कुत्र्याला पाणी ठेवणे तर कधीही करू नये. डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे.

उंदरांची औषधे दोन तऱ्हेची. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पिठात व तेलात कालवून ठेवतात. तो वास कुत्र्यालाही ओढतो. पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. अन्न दिले की आम्ल वाढते, त्यामुळे ‘विष मरावे’ म्हणून भाकरी चारणे हे उलटेच पडते. उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो, दारे-खिडक्या उघडाव्यात. धान्याच्या गोळ्यांतील अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडही हाच वायू सोडते. दुसरी तऱ्हा ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांची. कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून वा विष्ठेतून रक्त येते. लक्षणांची वाट न पाहता नेल्यास के-1 जीवनसत्त्वाने तो वाचतो. उपचार काही आठवडे चालतो. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्यानेही बाधा होऊ शकते.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल असते. जनावरांचे रवंथ करणारे पोट ते बऱ्याच अंशी पचवते. कुत्र्याचे पोट तसे नाही आणि रोज थोडे थोडे खाल्ल्यास हृदय निकामी होऊ शकते. गोठ्यातली टोपली म्हणूनच झाकून ठेवावी. बैलांचे गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्याला चोळणे हेही इथे घडते. त्याने ते अंग चाटले की विष पोटात जाते. माणसांचे आयब्रुफेन व पॅरासिटामॉल, चॉकलेट, द्राक्षे-बेदाणे हीही कुत्र्याला वर्ज्य.

बाधा झाल्यावर मीठ, तूप किंवा दूध पाजणे ही जुनी रीत सोडून द्यावी. मीठ स्वतःच विषारी ठरते, स्निग्ध पदार्थांमुळे काही विषे अधिक शोषली जातात. अ‍ॅसिड, फिनेल किंवा रॉकेल पोटात गेले असेल तर उलटी मुळीच करवू नये. ते वर येताना अन्ननलिका व फुप्फुसे जाळते. अंगावर औषध सांडले असल्यास हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवावे. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये.

वेळ फार थोडा असतो. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा. पशुसंवर्धन खात्याच्या सेवेचा निःशुल्क क्रमांक 1962 आहे. मोठे उपचार लागल्यास अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था मलकापूरहून सुमारे 90 किमीवर आहे. जाताना डबा किंवा पाकीट सोबत न्यावे आणि किती वाजता, किती खाल्ले ते सांगावे. डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असतो.