होळीची पत्रे

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीतला एखादा विद्यार्थी रात्री दिवा मालवून हातातल्या फोनपुढे बसतो, आपले नाव झाकून ठेवतो आणि कधी न पाहिलेल्या दूरदेशीच्या माणसाशी भलत्याच नावाने व भलत्याच वयाने बोलू लागतो. समोरचा भुलतो, हा हसतो. ही करमणूक नवी वाटते खरी. पण नवे आहे ते यंत्र. खोडी जुनी आहे, आणि तिची लेखी नोंद सव्वादोनशे वर्षांहून पूर्वीची आहे.

कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेचा दुसरा खंड १७९० साली निघाला. त्यात कर्नल पिअर्स याने होळीच्या दिवसांतील एक चाल सांगितली आहे. माणसाला निरर्थक कामावर पिटाळायचे आणि तो हात हलवीत परतला की सर्वांनी हसायचे, ही त्यातली साधी तऱ्हा. याहून कसबी लोक पत्रे धाडीत. पत्र एका गृहस्थाच्या नावाने लिहिलेले असे, भेटीची वेळ नेमलेली असे, आणि त्या वेळी तो गृहस्थ घरी नसणार हे खोडी करणाऱ्याला आधीच ठाऊक असे. फसलेल्याला जितका त्रास अधिक, तितके हसू अधिक. बंगालचा नबाब सिराजउद्दौला यालाही या खेळाचा मोठा नाद होता, असे पिअर्सच्या कानी आले होते. परक्याचे नाव पांघरून लिहिणे आणि दुरून मौज पाहणे, हे दोन्ही येथे आहेच.

मात्र या खेळाला एक कुंपण होते. होळी सरली की खेळ सरला. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीत इंग्रज रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीवर ब्रॉटन नावाचा अधिकारी होता. त्याची तेथली पत्रे १८१३ साली प्रसिद्ध झाली. होळीच्या दरबारात खुद्द महाराज आगीच्या बंबाची नळी हाती धरून पिवळ्या पाण्याने भोवतालच्यांना न्हाऊ घालीत होते, असे तो लिहितो. कोणी कोणाला भिजवले हे सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावला. छावणीचे शहर झाले, तरी नाव लष्कर ते लष्करच राहिले.

महाराष्ट्रात तर परक्याला फसविणे ही काही घराण्यांची उपजीविकाच होऊन बसली. बहुरूपी, ज्याला रायरंदही म्हणतात, फौजदाराचा वेष करून दारात उभा राही, खोटे वॉरंट फडकावी, यजमानाला घाम फोडी; आणि घरातली माणसे पुरती गांगरली की हसून बिदागी मागे. उघड होणे हाच त्याच्या खेळाचा कळस, कारण उघड झाल्यावाचून पैसा हाती येत नसे.

लंडनच्या थिओडोर हुकला बिदागीची गरज नव्हती. लष्कर वसले त्याच १८१० सालच्या नोव्हेंबरात त्याने बर्नर्स स्ट्रीटवरील मिसेस टॉटनहॅम या बाईंच्या नावाने शहरभर पत्रे धाडली, असे मानले जाते. धुराडी झाडणारे, केकवाले, डॉक्टर, वकील, शवपेटी घेऊन आलेले कारागीर, आणि शेवटी लंडनचे लॉर्ड मेयर अशी रीघ दिवसभर त्या दारी लागली. हुक समोरच्या घराच्या खिडकीतून पाहत होता म्हणतात.  कारागिरांची दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

संगणकाने ही खिडकी घरोघर नेली. १९७३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकजालावर टॉकोमॅटिक नावाची गप्पांची सोय झाली. १९८० मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने ती पैसे भरणाऱ्या कोणालाही खुली केली. तेथे ‘जोन’ नावाची, अपघातात अपंग झालेली एक स्त्री अनेकींची जिवाभावाची मैत्रीण झाली. जोन नव्हतीच; पडद्याआड न्यूयॉर्कचा एक मनोविकारतज्ज्ञ होता. लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी १९८५ साली हे प्रकरण लिहिले. आपली मने उघडी करून बसलेल्या त्या स्त्रियांना हसू आले नाही. आपले कोणी माणूस मरावे तसे त्यांना वाटले.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. २००९ साली अमेरिकेत लीफ के-ब्रुक्स या अठरा वर्षांच्या मुलाने ओमेगल काढले. तेथे नावच नव्हते: एक ‘तुम्ही’, दुसरा ‘अनोळखी’, आणि गाठ यंत्र घालील तशी. एखादा खोडकर दोन परक्यांचे बोलणे एकमेकांकडे पोहोचवी. दोघांनाही वाटे की आपण समोरच्याशीच बोलत आहो, आणि हा मधे बसून हसे. होळीच्या पत्राचीच ही रीत. पण बटण दाबताच माणूस नाहीसा होई, आणि आपण फसलो हे दुसऱ्याला कधी कळतही नसे. बहुरूप्याचा वेष येथे उतरतच नाही.

त्याच २००९ सालच्या ऑक्टोबरात भारतीय कायद्यात दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद अमलात आली. थट्टा कोठे संपते आणि फसवणूक कोठे सुरू होते, हे मात्र प्रत्येक खटल्यात नव्याने ठरवावे लागते. ओमेगल ८ नोव्हेंबर २०२३ रोजी बंद झाले. अकराव्या वर्षी त्या जागी एका नराधमाशी गाठ पडलेल्या एका अमेरिकन मुलीने मोठेपणी दावा लावला होता. तो त्याच महिन्यात आपसात मिटला, आणि ओमेगल बंद करणे हा त्या तडजोडीचाच भाग होता.