दारापुढचा रस्ता

दारापुढचा रस्ता आपलाच, असे ज्याला त्याला वाटते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात हा वाद थेट राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आर्लिंग्टन परगण्यात क्रिस्टल सिटी ही कचेऱ्यांची वसाहत. तेथले नोकरदार शेजारच्या अरोरा हायलँड्स या वस्तीत मोटारी लावून कामावर जात. गल्ल्या परक्या मोटारींनी भरून जात. तेव्हा परगण्याने कामाच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ५ पर्यंत परवान्यावाचून मोटार लावण्यास बंदी केली. रहिवाशांना परवाना फुकट. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्यांना, काही पाहुण्यांनाही.

नोकरदारांनी फिर्याद केली. सार्वजनिक रस्त्यावर आतला-बाहेरचा हा भेद कसला? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला ते पटले. पण ११ ऑक्टोबर १९७७ रोजी राष्ट्राच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. धूर, गोंगाट, अपघाताचा धोका कमी व्हावा, लोकांनी सामायिक मोटारीने वा सार्वजनिक वाहनाने यावे, या हेतूने केलेला भेद घटनेविरुद्ध नाही, असे ठरले.

माझे आयुष्य कामगारांत गेले. मला हा निकाल पटतो, पण अर्धाच. रहिवाशाची झोप खरी, तशी नोकरदाराची हजेरीही खरी. त्याने बसने यावे, ठीक. ती बस वेळेवर सोडण्याचे बंधन त्या निकालाने कुणावरच घातले नाही.