शिक्का आणि उत्तरपत्रिका

मुलाला जे येते तेच परीक्षेच्या कागदावर उतरते, असे आपण शिक्षक धरून चालतो. अमेरिकेतील क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी हेच गृहीत तपासून पाहिले. त्यांचा शोधनिबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय व गोऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी भाषेची एकच अवघड चाचणी दिली. काहींना सांगितले, की ही तुमची बौद्धिक क्षमता मोजणारी चाचणी आहे. इतरांना सांगितले, की प्रश्न कसे सोडवले जातात एवढेच पाहायचे आहे. प्रवेशपरीक्षेतील आधीच्या गुणांचा फरक हिशेबात घेतला, तेव्हा पहिल्या प्रकारात कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडलेले दिसले. दुसऱ्या प्रकारात ते बरोबरीने होते. दुसऱ्या एका प्रयोगात चाचणीआधी स्वतःचा वंश लिहायला लावला. तेवढ्यानेही त्यांचे गुण घसरले.

असे का व्हावे? स्टील यांच्या मते, 'तुमच्या लोकांना हे जमत नाही' हा समज खोटा आहे हे ठाऊक असूनही त्याचे दडपण येते. चूक झाली तर ती एकट्याची राहत नाही, साऱ्या गटाच्या नावावर जमा होते. निम्मे लक्ष त्या धास्तीत जाते.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. सुटलेल्या कोड्यामागे पैसे होते. जातीचा उच्चार झाला नाही, तेव्हा सर्व जातींची मुले सारखीच ठरली. सर्वांसमोर नाव व जात वाचून दाखवली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले मागे पडली. आपल्याला न्याय मिळणार नाही, हा अनुभवातून आलेला अविश्वासही यामागे असावा, असे संशोधकांनी सुचवले.

मात्र हा परिणाम सर्वत्र सारखा नाही. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात मुलींच्या गणितावर तो आढळला नाही. शिवाय गरिबी, अपुरी पुस्तके, शाळेपासूनचे अंतर यांचा भार एका मानसशास्त्रीय कल्पनेवर टाकता येणार नाही.

तरीही शिष्यवृत्तीची यादी जातीसकट वर्गात वाचताना आपण थांबायला हवे. ती यादी कार्यालयातही तपासता येते.