समुद्राचं पाणी कोण आणत होतं? फेदर डस्टर आणि घरातल्या समुद्राचा इतिहास



बीएस्सीला झूलॉजी असेल तर 'सॅबेला' तुम्ही पाहिलेला आहे. प्रॅक्टिकलच्या स्पॉटिंगला फॉर्मेलिनच्या बरणीत एक मळकट नळी आणि तिच्या टोकाला ओल्या ब्रशसारखा चिकटलेला झुपका असतो. आपण 'संघ अ‍ॅनिलिडा, वर्ग पॉलिकीटा' लिहितो, दोन मार्क घेतो आणि पुढच्या बरणीकडे सरकतो. मीही तेच केलं. पुढे एमएस्सीला असताना जिवंत फेदर डस्टरचा व्हिडिओ पाहिला आणि लक्षात आलं, की तो चिकटलेला झुपका म्हणजे खरं तर मोराच्या पिसाऱ्यासारखा उघडणारा पंखा आहे. त्यावर नुसती सावली पडली, तरी तो क्षणात नळीत गडप होतो.

माझं गाव आखाडा बाळापूर. इथून अरबी समुद्र सरळ रेषेतसुद्धा साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. त्यामुळे मला प्रश्न पडला, की समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाने हा प्राणी घरात जिवंत ठेवायला पहिल्यांदा कसा शिकला? उत्तर शोधायला गेलो आणि जीवशास्त्राऐवजी पाण्याच्याच इतिहासात शिरलो.

आधी हमाल आणि मोलकरीण

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडिनबरोमध्ये सर जॉन ग्रॅहम डॅलियल नावाचे निसर्गअभ्यासक होते. ते समुद्री प्राणी घरात काचेच्या बरण्यांत ठेवत. 1828 मध्ये किनाऱ्यावरून आणलेलं त्यांचं एक समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) त्यांच्या मृत्यूनंतरही जगलं, ते थेट 1887 पर्यंत. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणत. डॅलियलनी नळीत राहणारे कृमीही पाळले. ते चिखलाच्या कणांपासून नळी कशी बांधतात आणि पिसारा तुटला तर नवा कसा फुटतो, हे त्यांनी जिवंत प्राण्यावर पाहिलं. बरणीतल्या मेलेल्या नमुन्यावर हे कधीच दिसलं नसतं.

पण हे जमलं कशामुळे? पाणी सतत बदललं जायचं म्हणून. त्यासाठी समुद्राचं पाणी घरी आणून द्यायला एक हमाल ठेवलेला होता.

दुसरं उदाहरण लंडनच्या अ‍ॅना थिन यांचं. त्यांनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. रोज नवं पाणी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास त्यांची मोलकरीण करायची. आज आपण एअर पंप लावतो, तेव्हा ते काम तिचे हात करत होते.

मी वाचलेल्या वर्णनांत ना त्या हमालाचं नाव आहे, ना त्या बाईचं. रोज पाणी वाहून आणणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

मग मिठाचं सूत्र

1845 मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये दाखवून दिलं, की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी बराच काळ चांगलं राहतं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं.

तरी समुद्राच्या पाण्याची अडचण उरलीच. ती 1854-55 च्या सुमारास फिलिप हेन्री गॉस यांनी सोडवली. समुद्रपाण्याचं रासायनिक विश्लेषण आधी झालेलं होतं. ते घेऊन त्यांनी सोपं मिश्रण बनवलं. शंभर भाग क्षार धरले, तर साधं मीठ 81, मॅग्नेशियम सल्फेट 7, मॅग्नेशियम क्लोराइड 10 आणि पोटॅशियम क्लोराइड 2. गोड्या पाण्यात हे विरघळवा, समुद्र तयार!

आता जरा थांबा आणि या यादीत काय नाही ते पाहा. कॅल्शियम नाही. प्रमाण थोडं आणि विरघळायला कठीण, म्हणून गॉसनी चुन्याचे क्षार वगळले. फेदर डस्टरला हे एक वेळ चालून जाईल, कारण त्याची नळी चिकट स्राव आणि गाळाच्या कणांची असते. पण त्याचाच भाऊबंद सर्प्युला घ्या. त्याची नळी चुन्याची, तिला कॅल्शियम लागणारच. लंडनचं पाणी चुनखडीमुळे जड असतं, म्हणजे थोडं कॅल्शियम नळाच्या पाण्यातूनच आलं असणार. हा माझा तर्क आहे, पण आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर चढलेला पांढरा थर पाहिला, की तो पटतो. सूत्रात न लिहिलेली गोष्ट बऱ्याचदा पाण्यातून येते.

या सूत्राची दुसरी बाजूही आहे. घरोघरी मत्स्यालयं आली आणि हौशी लोकांनी इंग्लंडचे किनारे ओरबाडले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 च्या आत्मकथनात याची खंत मांडली आहे, वडिलांचा त्यातला वाटा मान्य करून.

जिवंत ठेवल्यावर काय कळलं

1930 मध्ये एडिथ निकोल यांनी सॅबेलाच्या आहारावर निबंध प्रसिद्ध केला. पिसारा पाण्यातले कण पकडतो आणि आकारानुसार वेगळे करतो. मोठे कण बाहेर टाकले जातात, मधले नळी बांधायला जातात आणि बारीक तोंडात. चाळणी, भांडार आणि स्वयंपाकघर एकाच जागी!

आजच्या हौशी माणसाची चूकही इथेच होते. तो मीठ लिटरला साधारण 35 ग्रॅम अगदी बरोबर ठेवतो, आरओचं पाणी वापरतो, फिल्टर जोरात चालवतो. पाणी आरशासारखं होतं आणि फेदर डस्टर उपाशी राहतो, कारण त्याचं अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे ते बारीक कणच. ताण आला की तो पिसारा टाकून देतो. परिस्थिती सुधारली तर नवा फुटतो, नाहीतर नळी रिकामी राहते.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केलं. ते समुद्राला लागून होतं. हिंगोली जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यासाठी मात्र समुद्री प्राणी अजून बरणीतच आहे.

तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, तर 'संशोधन पद्धती'च्या पेपरात हे येणार नाही. पण उद्या कुठलाही शोधनिबंध वाचताना त्यातला 'साहित्य आणि पद्धती' हा भाग घ्या आणि तीन प्रश्न विचारा. सूत्रातून काय वगळलं? वगळलेलं नकळत कुठून आलं? आणि रोजचं काम कोणी केलं? स्वतःचा प्रबंध लिहाल तेव्हाही विचारा. प्रयोगशाळेत रोज पाणी बदलणाऱ्या मावशींचं किंवा काकांचं नाव आभारात लिहायला एक ओळ पुरते. माझ्या प्रबंधात ती मी आधीच लिहून ठेवली आहे, निष्कर्ष अजून यायचे आहेत.