नदीच्या वळणातली बाग

जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेची कुळी काढायला बसलं, की सुरुवात एका किल्ल्यापासून करावी लागते. उकिता हिदेइए या सरदाराचा इथला किल्ला १५९७ मध्ये पुरा झाला. किल्ल्याला खंदक हवा, म्हणून त्याने आसाही नदीच वळवून तटाभोवती घेतली. शत्रूचा बंदोबस्त झाला, पण नदीला कोपर पडलं आणि पुराचं पाणी गावात शिरू लागलं. उकिता १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई हरला, हद्दपार झाला. वाकडी नदी मात्र पुढच्या धन्यांच्या गळ्यात पडली.

१६५४ च्या महापुराने शहराची दैना केली. तेव्हा इथे इकेदा घराण्याचा अंमल होता. त्यांच्या पदरी असलेल्या कुमाझावा बानझान या पंडिताने तोड सुचवली: नदी ठरावीक पातळीच्या वर चढली, की जादा पाणी शहराच्या अलीकडेच बांधावरून सांडावं आणि वेगळ्या वाटेने समुद्राकडे जावं. ही कल्पना जमिनीवर उतरवली त्सुदा नागातादाने. हा घराण्याचा कारभारी. समुद्र हटवून शेतजमीन काढणं, कालवे खणणं, बांध घालणं ही त्याची रोजची कामं. ह्याक्केनगावा नावाचा तो पूरकालवा १६८६ मध्ये तयार झाला. पुढच्याच वर्षी धनी इकेदा त्सुनामासाच्या हुकुमावरून त्याने किल्ल्यासमोर, नदीच्या वाळवंटावर बाग मांडायला घेतली. १७०० च्या सुमारास तिचा मुख्य भाग उभा राहिला.

पाटबंधाऱ्यांच्या माणसाने केलेली बाग कशी दिसते, ते इथे पाहावं. नदीचं पाणी वरच्या अंगाने आणून खेळवलेला ओहोळ बागभर नागमोडी फिरतो. हल्ली ते पाणी पंपाने येतं. वाटेत र्‍युतेन नावाचं विश्रांतिस्थान लागतं. खालच्या मजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब. ओहोळ थेट घराच्या मधून जातो आणि त्या पाण्यात सहा रंगीत दगड मांडलेले आहेत. बूट काढून फळ्यांवर बसायचं, दोन्ही हातांना बाग, मध्ये पाणी. माझ्या मते अख्ख्या कोराकुएनमध्ये एवढीच जागा पाहिली तरी तिकिटाचे पैसे वसूल.

बहुतेक लोक फोटो काढतात ते हिरवळीचे. जपानी बागेत एवढी मोकळी हिरवळ विरळाच, हे खरं. पण सुरुवातीच्या काळात या बागेचा बराच भाग शेतीचा होता, हे ध्यानात ठेवून एका कोपऱ्यातलं भातखाचर शोधावं. प्राचीन चिनी पद्धतीप्रमाणे शेताचे नऊ चौकोन पाडायचे; कडेचे आठ कुटुंबांचे, मधला सरकारचा. त्या मांडणीचा हा नमुना. जूनमध्ये इथे भातलावणीचा सोहळा होतो. पलीकडे चहाचा मळाही आहे. सरदाराला बसल्या जागी आपलं राज्य दिसावं, तसा हा सगळा मामला.

‘कोराकुएन’ हे नाव १८७१ मधलं. त्याआधी ही नुसती मागची बाग होती. १८८४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात जाऊन सर्वांना खुली झाली. १९३४ मध्ये पुराने तिलाच झोडपलं, १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात इमारती जळाल्या. र्‍युतेन वाचलं. बाकीचं इकेदांच्या काळातली चित्रं आणि नोंदी पुढ्यात ठेवून पुन्हा उभं केलं. युद्धाच्या दिवसांत इथले करकोचेही संपले होते. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी लेखक गुओ मोरुओ यांनी १९५६ मध्ये जोडी पाठवली, तेव्हा पिंजरे पुन्हा भरले.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं. ते पाहिलेल्याला इथला ओहोळ ओळखीचा वाटेल. फरक आकाराचा: मूळ बाग सुमारे १३ हेक्टरांची.

ओकायामा स्टेशनवरून ट्रामने शिरोशिताला उतरलं, की पायी दहा-पंधरा मिनिटांत बाग येते. मागच्या दाराने निघून त्सुकिमी पूल ओलांडला, की समोर किल्ला. भिंती काळ्या, म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. मूळ मनोरा १९४५ मध्ये जळाला. आताचा १९६६ चा, काँक्रीटचा. आत जाण्यापेक्षा पुलावरून पाहिलेला बरा. तिथूनच नदीचं ते कोपरही नीट दिसतं.

ह्याक्केनगावा पाहायला फारसं कोणी जात नाही, आणि प्रथमदर्शनी पाहण्यासारखं काही नाहीच: रुंद गवताळ पात्र, त्यात खेळाची मैदानं. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत आसाही फुगली, तेव्हा तिचं पाणी याच पात्रात सोडून शहरावरचा ताण कमी केला गेला.