गाडी तीन हजारांची, विमा दोन हजारांचा

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी मेसेज केले की आकडे आणि वर्षं ऐकता ऐकता निसटतात, जरा लिहून टाक. म्हणून हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले खोकले आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

तर झालं असं. २०२३ साली मी नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला आलो. वय २७. पुण्यात आठ वर्षं गाडी चालवलेली. कात्रजचा घाट, सिंहगड रोड, पावसाळ्यातले खड्डे, सगळं पार करून एकही क्लेम नाही. इथे ऑफिस गावाबाहेर, बस तासाला एक. त्यामुळे ३२०० पौंडांची एक जुनी हॅचबॅक पसंत केली. म्हटलं, आता खरी कटकट नोंदणीची असणार. आपल्याला आरटीओची सवय! नाव बदलायचं म्हणजे फॉर्म, झेरॉक्स, एजंट, चकरा.

नोंदणी मात्र पाच मिनिटांत झाली. आधीच्या मालकाने ऑनलाइन कळवलं आणि काही दिवसांत माझ्या नावाचं आरसी बुक (इथे त्याला व्ही-५-सी म्हणतात) पोस्टाने घरी आलं. खर्च शून्य. महाराष्ट्रात नवी पेट्रोल गाडी घेतली तर दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के रोड टॅक्स एकदम भरावा लागतो, म्हणजे लाखभर रुपये नंबर प्लेटच्या आधीच जातात. मी खूश. मग रात्री विम्याचे दर बघायला बसलो.

सगळ्यात कमी आकडा होता १९४० पौंड. वर्षाला. ३२०० च्या गाडीला. मला वाटलं एखादं शून्य चुकून जास्त पडलं असेल. विमा कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबाने त्या वर्षी ब्रिटनमधला सरासरी प्रीमियम ५४३ पौंड होता, आणि तोही आदल्या वर्षीपेक्षा चौथा हिस्सा वाढलेला म्हणून पेपरात बोंब चालली होती. मी त्याच्या साडेतीनपट. पुण्याचा नो क्लेम बोनस? 'तो इथे चालत नाही.' आठ वर्षांचं ड्रायव्हिंग? 'ब्रिटिश लायसन्स आहे का?'

राग आला की मी इतिहास वाचतो. स्वस्तातला उपाय आहे. ही गोष्ट त्यातूनच सापडली.

ब्रिटनमध्ये गाड्यांची नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १९०४ ला, १९०३ च्या मोटर कार अ‍ॅक्टने. फी एक पौंड. लायसन्स पाच शिलिंगांना मिळायचं, परीक्षा वगैरे काही नाही. लंडनचा 'ए १' हा नंबर मिळावा म्हणून एक अर्ल, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा थोरला भाऊ, रात्रभर रांगेत थांबला होता असं सांगतात. म्हणजे फॅन्सी नंबरचं वेड फक्त आपल्याकडचं नाही. पण विमा कुणी काढावा, काढू नये, याबद्दल कायदा गप्प होता.

मग गाड्या वाढल्या आणि माणसं मरायला लागली. १९३० साली तिथे जेमतेम २३ लाख वाहनं होती आणि वर्षभरात रस्त्यावर सात हजारांहून जास्त माणसं मेली. धडक देणाऱ्याकडे पैसे नसले तर जखमी माणसाने कोर्टात जिंकूनही हाती काही यायचं नाही. म्हणून १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. गंमत म्हणजे त्याच कायद्याने मोटारींची ताशी २० मैलांची वेगमर्यादा काढून टाकली. ड्रायव्हिंग टेस्ट तर त्यानंतर, १९३५ मध्ये सक्तीची झाली. म्हणजे काही वर्षं इंग्लंडात विम्याशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा होता, पण गाडी चालवता न येणं हा नव्हता!

कायद्याचा हेतू चांगलाच होता, त्यात वाद नाही. पण त्यात एक भोक राहिलं, आणि माझे १९४० पौंड मला तिथेच सापडले. कायद्याने गाडीवाल्याला सांगितलं, विमा घेतलाच पाहिजे. कंपनीला मात्र असं सांगितलं नाही की तो सगळ्यांना सारख्या भावात दिलाच पाहिजे. घेण्याची सक्ती झाली, विकण्याची नाही.

आपल्याकडे हाच कायदा थोडा उशिरा आला. १९३९ चा मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्ट ब्रिटिश कायद्यावर बेतलेला होता, आणि त्यातलं विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. भारतात थर्ड पार्टीचा दर आजही सरकार ठरवतं आणि तो इंजिन बघून ठरतो, माणूस बघून नाही. १००० सीसीच्या आतली खाजगी कार असेल तर २०९४ रुपये. मालक बारामतीचा असो की बिहारचा, काल लायसन्स मिळालेला असो की तीस वर्षं चालवणारा. ब्रिटनमध्ये कंपनी आधी माणसाची किंमत लावते. तुम्ही कोण, काय करता, कुठल्या पिनकोडला राहता, आणि इथे कधीपासून आहात.

आता १९६० च्या दशकात या. वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तानातून हजारो लोक ब्रिटनमध्ये आले होते. डॉक्टर, नर्स, बस कंडक्टर, गिरणी कामगार. भेदभावाविरुद्धचा पहिला कायदा, १९६५ चा रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट, हॉटेलं, थिएटरं, बस अशा सार्वजनिक जागांपुरता होता. घर, नोकरी, विमा या गोष्टी त्याच्या बाहेर. अनेकांचं म्हणणं असं की भेदभाव मुळात फार होतच नाही, आलेले लोक तक्रारखोर आहेत.

मग एका संशोधन संस्थेने, पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग तिचं नाव, एक साधी युक्ती केली. तीन माणसं पाठवली. एक इंग्रज, एक हंगेरीहून आलेला गोरा आणि एक वेस्ट इंडियन. तिघांनी मागायचं तेच, सांगायची माहितीही सारखी. घर भाड्याने मागून बघितलं, नोकरी मागून बघितली, आणि गाडीचा विमाही मागून बघितला. अहवाल १९६७ मध्ये आला. वेस्ट इंडियन माणसाला बऱ्याच कंपन्यांनी जास्त दर सांगितला होता, काहींनी सरळ नकार दिला होता.

यातला हंगेरीवाला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'हे लोक इथे नवे आहेत, रस्त्यांची सवय नाही' हे कारण खरं असतं, तर ते त्यालाही लागू पडायला हवं होतं. तोसुद्धा परकाच. उलट त्याच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तर जमैकात इंग्लंडसारख्या डाव्या बाजूने! तरी काळ्या माणसाला मिळालेली वागणूक त्याच्यापेक्षा बरीच वाईट होती. एका जादा माणसाने सबबीतली हवाच काढून घेतली. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, नवा रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट आला आणि त्यात घर, नोकरीबरोबर बँक आणि विमाही आला.

त्याच काळातली आणखी एक भानगड सांगायलाच हवी. एमिल सावुंद्रा. हा मूळचा सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. त्याने १९६३ मध्ये 'फायर, ऑटो अँड मरीन' नावाची विमा कंपनी काढली आणि इतरांपेक्षा खूप स्वस्त प्रीमियम लावला. महागड्या दरांनी पिचलेले लोक धावले. १९६६ मध्ये कंपनी बुडाली. सुमारे चार लाख गाडीवाले एका दिवसात विम्याविना झाले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढणं हाच गुन्हा. पैसे तर गेलेच. १९६७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्टने त्याला टीव्हीवर बोलावून ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यासमोर बसवलं. १९६८ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. सक्तीच्या वस्तूचा भाव परवडेनासा झाला की असे लोक उगवतातच. आज ते इन्स्टाग्रामवर आहेत. 'नवीन आलात? स्वस्त विमा, डीएम करा.' करू नका. पॉलिसी खोटी निघाली तर पोलिस गाडी उचलतात आणि तुमच्या लायसन्सवर सहा पॉइंट लागतात.

लेस्टरच्या गणपतीत मला एक काका भेटले. १९६४ मध्ये मिरजेहून आलेले, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात डॉक्टर. मी विम्याचं रडगाणं गायलो तर हसायला लागले. म्हणाले, "अरे, माझी मॉरिस मायनर होती. माझ्याच वॉर्डातला एक इंग्रज डॉक्टर, वय तेच, गाडी तीच. फोनवर दोघांना एकच दर सांगितला. मी सही करायला ऑफिसात गेलो, तर बाई म्हणाली, दर बदललाय."

"मग काका, तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? नाइट ड्यूटीला जायचं होतं. भरले."

आज कुणी तोंडावर असा दर बदलत नाही. फॉर्ममध्ये वर्ण विचारत नाहीत, विचारताच येत नाही. तरी २०२२ मध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने आपल्याकडे मदत मागायला आलेल्यांचे आकडे तपासले, तेव्हा गोऱ्यांपेक्षा इतर वर्णाचे लोक सरासरी २५० पौंड जास्त भरताना दिसले. कंपन्यांचं म्हणणं, आम्ही वर्ण हिशेबात धरतच नाही. मला ते खरंही वाटतं. धरायची गरज काय? पिनकोड आहे की. माझ्या रस्त्यावर निम्मी दुकानं गुजराती आहेत, हे कॉम्प्युटरला कुणी सांगावं लागत नाही, त्याला फक्त त्या रस्त्याचा दर माहीत असतो.

आणि 'कधीपासून राहता' हा प्रश्न. तो बेकायदा नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अगदी बिनबुडाचाही नाही. मी पहिल्याच आठवड्यात राउंडअबाउटवर चुकीच्या लेनमध्ये शिरलो होतो. पण माझी आठ वर्षं शून्य धरायची, हे काही मला पटत नाही. सिंगापूर, हाँगकाँग, अगदी झिम्बाब्वेचं लायसन्सही इथे परीक्षा न देता बदलून मिळतं. भारताचं नाही. ज्या देशाला यांनी स्वतःच्याच कायद्याची नक्कल दिली, त्याचं लायसन्स इथे १२ महिने चालतं, त्यानंतर गाडीला लाल 'एल' लावायचा आणि शिकाऊ म्हणून शेजारी कुणाला तरी बसवायचं.

मी काय केलं ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच होते. मी १९४० भरले, हप्त्यांनी नाही, एकदम, कारण हप्त्यांवर व्याज लावतात. दहाव्या महिन्यात इथली टेस्ट दिली. पहिल्यांदा नापास! आरशात बघताना मान पुरेशी वळवली नाही म्हणून. दुसऱ्यांदा पास. पुण्याच्या विमा कंपनीकडून इंग्रजीत नो क्लेमचं पत्र मागवलं. चार कंपन्यांनी ते बघितलंही नाही, पाचवीने मान्य केलं. दुसऱ्या वर्षीचा प्रीमियम ९८० आला. अजूनही सरासरीपेक्षा जास्तच, पण निदान गाडीपेक्षा विम्याचीच जास्त काळजी घ्यावी लागत नाही.

काकांना तो आकडा फोनवर दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "बरा आहे की. मला निम्म्यावर यायला सहा वर्षं लागली." मग त्यांनी विचारलं, ते पत्र पुण्याहून यायला किती दिवस लागले. त्यांच्या नातसुनेचा भाऊ जानेवारीत सांगलीहून येतोय.