युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेल्या सैनिकांवर परदेशात खटला कसा चालतो?

गाझा पट्टीतील घरे उद्ध्वस्त केल्याच्या आरोपावरून, सुट्टीसाठी ब्राझीलमध्ये आलेल्या एका इस्रायली सैनिकाची चौकशी करण्याचा आदेश तेथील संघराज्य न्यायालयाने दिल्याचे जानेवारी २०२५ च्या आरंभी उघड झाले. चौकशी पुढे सरकण्यापूर्वीच तो सैनिक ब्राझीलमधून निघून गेला. ही तक्रार बेल्जियममधील हिंद रजब फाउंडेशन या संस्थेने केली होती. या प्रकरणानंतर इस्रायली लष्कराने कर्नल आणि त्याखालील हुद्द्यांच्या सैनिकांची नावे व चेहरे प्रसारमाध्यमांत उघड न करण्याचा नियम लागू केला. जुलै २०२५ मध्ये बेल्जियममधील एका संगीत महोत्सवास आलेल्या दोघा इस्रायली नागरिकांची पोलिसांनी चौकशी करून त्यांना सोडून दिले. पुढे ते प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठविण्यात आले.

गुन्हा एका देशात घडला, आरोपी दुसऱ्या देशाचा आणि कारवाई तिसऱ्या देशात, असे कसे होऊ शकते, हा प्रश्न अशा प्रकरणांमुळे पुढे येतो.

कायद्याचा आधार

सामान्यतः जेथे गुन्हा घडतो, तेथील न्यायालयात खटला चालतो. काही गुन्हे मात्र साऱ्या मानवजातीविरुद्ध मानले जातात व त्यांच्याबाबत कोणत्याही देशाला कारवाई करता येते. या तत्त्वास सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणतात. १२ ऑगस्ट १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी त्याला लेखी रूप दिले. हेतुपुरस्सर हत्या, छळ, लष्करी गरज नसताना मालमत्तेचा व्यापक विध्वंस आदी कृत्ये त्यांत ‘गंभीर उल्लंघने’ ठरविली आहेत. अशा कृत्यांच्या आरोपींचा, ते कोणत्याही देशाचे नागरिक असोत, शोध घेऊन त्यांच्यावर आपल्या न्यायालयात खटला भरावा किंवा त्यांना खटला चालविण्यास तयार असलेल्या दुसऱ्या देशाच्या हवाली करावे, असे बंधन सदस्य देशांवर आहे.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे कार्य याहून वेगळे आहे. २००२ पासून अस्तित्वात असलेले हे न्यायालय मुख्यतः उच्चपदस्थांवर लक्ष केंद्रित करते. सामान्य सैनिक व कनिष्ठ अधिकाऱ्यांवरील खटल्यांचा भार त्यामुळे राष्ट्रीय न्यायालयांवरच येतो.

शिक्षा आणि सुटका

जर्मनीत २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांविषयी स्वतंत्र संहिता लागू झाली. दमास्कसमधील यार्मूक येथे २०१४ मध्ये अन्नवाटपाच्या ठिकाणी जमलेल्या नागरिकांवर ग्रेनेड डागल्याबद्दल सीरियन सरकारसमर्थक सशस्त्र गटाच्या एका सदस्याला बर्लिनच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जन्मठेप सुनावली. त्यापूर्वी २८ जानेवारी २०२१ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालयाने अफगाण लष्करातील एका माजी अधिकाऱ्याच्या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला होता. कनिष्ठ हुद्द्यावरील परदेशी सैनिकाने युद्धगुन्हा केला असेल, तर ‘शासकीय कर्तव्य’ हे कारण त्याला खटल्यापासून वाचवू शकत नाही, असे या न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रत्येक खटल्याची परिणती शिक्षेत होत नाही. नेपाळमधील यादवी संघर्षाच्या काळात २००५ मध्ये कैद्यांचा छळ केल्याच्या आरोपावरून नेपाळी लष्करातील कर्नल कुमार लामा यांना जानेवारी २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये अटक झाली. नेपाळ सरकारने त्यावर तीव्र आक्षेप घेतला. २०१६ मध्ये एका आरोपातून त्यांची निर्दोष मुक्तता झाली. दुसऱ्या आरोपाबाबत ज्युरीचे एकमत न झाल्याने तो मागे घेण्यात आला. सीरियाच्या एका माजी ब्रिगेडियर जनरललाही स्टॉकहोमच्या न्यायालयाने जून २०२४ मध्ये निर्दोष ठरविले.

मर्यादा व आक्षेप

आरोपी आपल्या भूमीवर उपस्थित असल्याखेरीज अनेक देश कारवाई करीत नाहीत. पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्यावर दुसऱ्या देशाला अटक वॉरंट बजावता येत नाही, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००२ रोजी काँगो विरुद्ध बेल्जियम खटल्यात दिला. बेल्जियमचा १९९३ चा कायदा अत्यंत व्यापक होता. परंतु परदेशी नेत्यांविरुद्ध तक्रारींची रीघ लागल्यावर आणि अमेरिकेचा दबाव वाढल्यावर २००३ मध्ये तो रद्द करण्यात आला. ब्रिटनमध्येही अशा प्रकरणांत खासगी तक्रारीवर वॉरंट काढण्यापूर्वी सरकारी अभियोग संचालकांची संमती २०११ पासून बंधनकारक आहे.

राजकीय हेतूने सैनिकांना वेठीस धरले जाते आणि दूरच्या न्यायालयाला रणांगणावरील परिस्थितीचे आकलन होऊ शकत नाही, असे टीकाकार म्हणतात. ज्यांना स्वदेशात दाद मिळण्याची शक्यताच नाही, त्या पीडितांसमोर दुसरा मार्ग उरत नाही, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

भारतातील स्थिती

भारताने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्यत्व घेतलेले नाही. १९९८ मध्ये रोम येथील मतदानात तो तटस्थ राहिला होता. तथापि जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार भारतात अथवा भारताबाहेर गंभीर उल्लंघन करणारी कोणतीही व्यक्ती शिक्षेस पात्र आहे. संरक्षित व्यक्तीची हेतुपुरस्सर हत्या केल्यास मृत्युदंड वा जन्मठेप, तर अन्य प्रकरणांत १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र कलम १७ अन्वये सरकारच्या तक्रारीखेरीज न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. गोव्यातील पोर्तुगीज नागरिकत्व राखलेल्या एका धर्मगुरूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये या अधिनियमाचा विचार केला होता. कराराच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क हा कायदा व्यक्तीला देत नाही, असे न्यायालयाने तेव्हा नमूद केले.

ब्राझीलप्रमाणे एखाद्या संस्थेच्या तक्रारीवरून परदेशी सैनिकाविरुद्ध कारवाई सुरू होण्यास भारतीय कायद्यात त्यामुळे वाव नाही. त्याचा निर्णय सर्वस्वी सरकारच्या हाती आहे.